अडलेली एसएलआर काय सांगत असते

फायरिंग रेंजवर नव्या जवानाची रायफल मध्येच थांबली की त्याचा हात सर्वांत आधी कुठे जातो, हे मी कित्येक वर्षे पाहत आलो आहे. तो कॉकिंग हँडलवर, म्हणजे रायफल भरण्यासाठी मागे खेचायच्या दांड्यावर जातो. चाप ओढला, नुसता ‘टक्’ असा आवाज झाला, की पुढच्याच क्षणी तो हँडल मागे खेचून सोडून देतो आणि पुन्हा चाप ओढतो. बहुतेक वेळा रायफल चालू होते आणि ही सवय अंगी मुरते. पण ज्या एका वेळी ती चालू होत नाही, किंवा चालू व्हायला नको असताना चालू होते, त्या वेळी या घाईची किंमत हातापायांनी मोजावी लागते. रायफल अडते तेव्हा ती कुठे आणि कशामुळे अडली हे सांगणाऱ्या खुणा तिच्यातच असतात. त्या पाहण्याआधीच हँडल सोडून दिले तर त्या पुसल्या जातात. या लेखात मला त्या खुणा कशा वाचायच्या हेच सांगायचे आहे, आणि त्यासाठी मी उदाहरण घेतो ते आपल्याकडच्या सर्वांत ओळखीच्या अर्धस्वयंचलित रायफलीचे, म्हणजे 7.62 मिलिमीटर एसएलआरचे.

‘सेल्फ लोडिंग रायफल’ या नावातच तिचे काम आले. एक गोळी सुटली की पुढची ती स्वतःच भरून घेते, मात्र प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागतो. तिचे मूळ बेल्जियममधल्या एफएन कंपनीच्या एफएएल या रायफलीत आहे. डिउडोने सेव्ह हा तिचा मुख्य रचनाकार. 1962 च्या युद्धात आपल्या पायदळाच्या हातात प्रामुख्याने .303 बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) बोल्ट-अॅक्शन रायफल होती आणि तिच्यात प्रत्येक गोळीमागे बोल्ट हाताने फिरवावा लागे. त्यानंतर ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झालेली एसएलआर सैन्यात रुळली आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस इन्सास ही नवी रायफल येईपर्यंत तीच पायदळाचे मुख्य हत्यार राहिली. अनेक राज्यांच्या पोलीस दलांत ती त्यानंतरही कित्येक वर्षे वापरात राहिली. सामान्य नागरिकाला एसएलआरचे हे बोअर बाळगता येत नाही, त्यामुळे हा लेख मुख्यतः वर्दीतल्या आणि वर्दीची तयारी करणाऱ्या वाचकांसाठी आहे. पण यंत्राचा स्वभाव समजून घेण्याची आवड असलेल्या कोणालाही त्यातले तत्त्व कळायला अडचण पडू नये.

एका काडतुसाचा प्रवास आधी डोळ्यांसमोर आणला पाहिजे, कारण प्रत्येक बिघाड हा या प्रवासातल्या कुठल्यातरी एका टप्प्यावरचा खोळंबा असतो. मॅगझिनमधली, म्हणजे काडतुसांच्या डब्यातली, स्प्रिंग काडतूस वर ढकलते. पुढे जाणारा ब्रीचब्लॉक, म्हणजे नळी मागून बंद करणारा ठोकळा, त्या काडतुसाच्या बुडाला धक्का देऊन ते चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकातल्या काडतुसाच्या जागेत) बसवतो आणि मग ब्रीचब्लॉकचे मागचे टोक खाली उतरून बॉडीमधल्या आडव्या पोलादी खांद्यापुढे घट्ट अडकते. हे झाले कुलूप. चाप ओढला की हॅमर फायरिंग पिनवर आदळतो, पिन प्रायमरला (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीला) ठोकते, दारू पेटते आणि चेंबरमधला दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक होतो. गोळी नळीतून निघून जात असताना नळीच्या वरच्या बाजूच्या छिद्रातून थोडा गॅस बाहेर येतो, पिस्टनला मागे ढकलतो, आणि पिस्टन स्लाइडला. स्लाइड ब्रीचब्लॉकचे मागचे टोक उचलते, कुलूप उघडते, एक्स्ट्रॅक्टरची नखी पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पितळी आवरणाला, कडेने धरून चेंबरबाहेर ओढते, इजेक्टरवर आपटून पुंगळी उजवीकडे फेकली जाते, हॅमर मागे दाबला जातो, आणि दस्त्यातल्या स्प्रिंगा सगळे पुन्हा पुढे ढकलतात. हे सगळे पापणी लवायच्या आत होते. म्हणून डोळ्यांना फक्त शेवट दिसतो, आणि त्या शेवटावरून मागे जात कारण शोधावे लागते.

फौजेत या खोळंब्याला ‘रोक’ म्हणतात आणि ती दूर करण्याच्या ठरलेल्या कृतीला ‘फौरी इलाज’. एसएलआरचा फौरी इलाज तीन शब्दांत सांगता येतो: कॉक करा, अडकवा, पाहा. हँडल पूर्ण मागे खेचायचे, मॅगझिन कॅचच्या शेजारच्या होल्डिंग ओपन कॅचवर ब्रीचब्लॉक मागेच अडकवून ठेवायचा, रायफल डावीकडे कलती करून उजवीकडची, पुंगळी बाहेर पडायची खिडकी वर आणायची आणि आत नजर टाकायची. हे करताना नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेनेच राहिले पाहिजे आणि बोट चापाच्या बाहेर. नव्या जवानाचा हात जिथे चुकतो ती जागा मधली आहे. तो ‘अडकवा’ आणि ‘पाहा’ गाळून फक्त खेचतो आणि सोडतो.

परंतु या तिन्हींच्याही आधी एक प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर कानाने द्यायचे असते: शेवटचा आवाज कसा होता? नेहमीसारखा मोठा आवाज होऊन रायफल थांबली असेल, किंवा आवाजच न होता नुसते ‘टक्’ झाले असेल, तर फौरी इलाज करायचा आहे. पण आवाज फुसका आला असेल, धक्का नेहमीपेक्षा हलका लागला असेल, तर हात हँडलवर जाताच कामा नये. काडतुसात दारू कमी असेल किंवा नसेलच, तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी चेंबरमधून निघते आणि नळीच्या मध्येच अडकून बसते. अशा वेळी पिस्टनला पुरेसा गॅस न मिळाल्यामुळे रायफल आपोआप भरतही नाही, म्हणजे वरकरणी ती साध्या रोकेसारखीच दिसते. तिथे सवयीने कॉक करून दुसरी गोळी मागून सोडली की बंद नळीत ती आधीच्या गोळीवर आदळते, नळी फुगते किंवा फुटते, आणि फायर करणाऱ्याचे तोंड त्या फुटणाऱ्या लोखंडापासून वीतभर अंतरावर असते. म्हणून फुसका आवाज म्हणजे थांबा, हात वर करा, रेंजवरच्या अधिकाऱ्याला सांगा, रायफल रिकामी करून आर्मररकडून (हत्यारे दुरुस्त करणाऱ्याकडून) नळी आरपार मोकळी असल्याची खात्री करून घ्या. या एका बाबतीत मी कधीही कोणाला सवलत दिली नाही आणि कोणी देऊ नये.

आता ‘टक्’ कडे वळू. चाप ओढला आणि गोळी उडाली नाही, याचे रेंजवरचे आणि लढाईतले उत्तर वेगळे आहे, आणि हा फरक प्रशिक्षणात पुरेसा ठसवला जात नाही असे माझे मत आहे. दारू कधी कधी उशिरा पेटते. प्रायमर सादळलेला असेल तर पिन लागल्यानंतर क्षण दोन क्षण काहीच होत नाही आणि मग काडतूस उडते. ते चेंबरमध्ये कुलूपबंद असताना उडाले तर गोळी लक्ष्याकडे जाईल, इतकेच. पण त्याच क्षणी आपण हँडल मागे खेचलेले असेल तर उघड्या ब्रीचमध्ये (नळीच्या मागच्या तोंडाशी) पितळेची पुंगळी फुटते आणि तिचे तुकडे खिडकीतून बाहेर येतात. म्हणून रेंजवर, जिथे समोर शत्रू नाही, तिथे नळी लक्ष्याकडे ठेवून किमान 30 सेकंद वाट पाहायची आणि मगच ब्रीच उघडायची. लढाईत शत्रू 30 सेकंद देत नाही, तिथे लगेच कॉक करण्याचा धोका जाणूनबुजून पत्करलेला असतो.

वाट पाहून झाल्यावर हँडल मागे खेचले की दुसरा प्रश्न: बाहेर काय पडले? माझ्या दृष्टीने सगळ्या निदानाचा कणा हा प्रश्न आहे. अख्खे काडतूस बाहेर पडले आणि त्याच्या प्रायमरवर पिनची चांगली खोल खळी असेल, तर रायफलीने आपले काम केले, दोष काडतुसाचा. खळी अगदी उथळ असेल, नुसता टिपका उमटल्यासारखी, तर संशय रायफलीवर: फायरिंग पिनच्या वाटेत घट्ट झालेले तेल आणि काजळी, हॅमरची थकलेली स्प्रिंग, किंवा ब्रीचब्लॉक पूर्ण पुढे जाऊन कुलूपबंद न होणे. खळीच नसेल तर पिन पोहोचलीच नाही. एका करंगळीच्या नखाएवढ्या पितळी चकतीवर ही सगळी हकिगत लिहिलेली असते, आणि तरी जवान ते काडतूस मातीत तसेच टाकून पुढे सरकतो, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे.

बाहेर काहीच पडले नाही आणि मॅगझिनमध्ये मात्र काडतुसे आहेत, अशी दुसरी शक्यता. म्हणजे ब्रीचब्लॉक रिकाम्या चेंबरवर बंद झाला होता. पहिल्याच गोळीला असे झाले असेल तर बहुधा मॅगझिन नीट बसलेले नाही. एसएलआरचे मॅगझिन सरळ वर ठोकून बसत नाही. त्याची पुढची बाजू आधी अडकवून मग मागची बाजू झोका दिल्यासारखी वर ओढावी लागते आणि कॅचचा आवाज यावा लागतो. अर्धवट बसलेले मॅगझिन बोटभर खाली राहते आणि ब्रीचब्लॉक काडतुसाच्या डोक्यावरून निघून जातो. बसवल्यावर ते एकदा खाली ओढून पाहण्याची सवय लावली तर ही रोक जवळपास नाहीशी होते.

पण चार-सहा गोळ्या व्यवस्थित सुटून मग असे झाले, पुंगळी बाहेर गेली आणि नवे काडतूस मात्र आलेच नाही, तर ती एसएलआरची सर्वांत ठरावीक रोक आहे: गॅस कमी पडणे. पिस्टनला मिळालेला धक्का पुंगळी बाहेर फेकण्यापुरता होता, पण ब्रीचब्लॉकला पुढच्या काडतुसाच्या मागे नेण्याइतका नव्हता. तो अर्ध्यातूनच परतला. याची पूर्वसूचना आधीच्या गोळ्यांनी दिलेली असते. पुंगळ्या नेहमीप्रमाणे दूर न पडता पायाशी लोळू लागल्या की समजावे, गॅस कमी पडतो आहे. कधी एखादी पुंगळी सुटण्याऐवजी खिडकीत बंद होणाऱ्या ब्रीचब्लॉकखाली चिमटली जाते आणि उभीच राहते, तेही त्याच कारणाने होऊ शकते, कारण इजेक्टर जागेवर स्थिर असल्याने पुंगळी किती जोरात फेकली जाईल हे ब्रीचब्लॉक किती वेगाने मागे आला यावर ठरते.

इथे गॅस रेग्युलेटर समजून घ्यावा लागतो, आणि त्याची गंमत अशी की तो उलटा वाटतो. नळीतून येणारा गॅस रेग्युलेटर कमीजास्त करत नाही. तो आलेल्या गॅसपैकी किती बाहेर सोडून द्यायचा हे ठरवतो. म्हणजे तो बंद करत नेला की बाहेर जाणारा गॅस कमी होतो आणि पिस्टनवरचा जोर वाढतो. उघडला की जोर घटतो. रायफल धुळीने, काजळीने किंवा थंडीने जड चालू लागली की रेग्युलेटर थोडा बंद करून जोर वाढवायचा आणि फायर चालू ठेवायचे, साफसफाई नंतर. परंतु कटकट नको म्हणून तो कायमचा पूर्ण बंद ठेवून देणे ही माझ्या मते आळसाची सर्वांत महाग पद्धत आहे. जास्तीचा जोर कुठेतरी जातोच: खांद्याला लागणारा धक्का वाढतो, पुंगळ्या वेड्यावाकड्या होऊन लांब उडतात, मागे आदळणारे भाग झिजतात. योग्य पद्धत अशी की रेग्युलेटर उघडा ठेवून सुरुवात करायची, एकेक गोळी सोडत तो टप्प्याटप्प्याने बंद करायचा, आणि रायफल खात्रीने भरू लागली की त्याच्या पुढे थोडीशी राखीव ताकद ठेवून थांबायचे.

गॅसचाच एक वेगळा प्रकार मी रेंजवर पाहिला आहे. एका जवानाची रायफल प्रत्येक गोळीनंतर अडत होती, पुंगळी चेंबरमध्येच राहत होती, आणि रेग्युलेटर कितीही फिरवला तरी फरक पडत नव्हता. त्याने दोन मॅगझिने बदलली. शेवटी उस्तादांनी (प्रशिक्षकांनी) नळीच्या वर, पिस्टनच्या पुढच्या बाजूला असलेला गॅस प्लग पाहिला तर तो ग्रेनेड फेकण्याच्या स्थितीत फिरवलेला होता. ग्रेनेड फेकताना सगळा जोर नळीतूनच पुढे जावा म्हणून त्या स्थितीत पिस्टनकडे जाणारी वाट बंद केलेली असते, आणि मग एसएलआर ही हाताने भरायची रायफल होऊन बसते. सफाईनंतर प्लग चुकीच्या स्थितीत बसवला गेला होता, इतकेच.

पुंगळी चेंबरमधून न निघणे हा मात्र सर्वांत त्रासदायक बिघाड, आणि त्याच्याविषयी जरा सविस्तर सांगायला हवे. दारू पेटते तेव्हा पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि गॅसला मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की पितळ आपल्या लवचिकपणाने किंचित आक्रसते आणि पुंगळी मोकळी होते. ही किंचित मोकळीक हाच सगळा खेळ आहे. चेंबरच्या भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे असतील तर फुगलेले पितळ त्या खड्ड्यांत शिरते आणि आक्रसल्यावरही तिथेच पकडून राहते. काजळी, वाळू, सुकलेले तेल यांचेही तेच. मग एक्स्ट्रॅक्टरची नखी एक तर कडेवरून निसटते, नाहीतर कडेचा तुकडा तोडून मोकळी परत येते. ब्रीचब्लॉक मागे जाऊन पुढचे काडतूस घेऊन येतो, ते अडकलेल्या पुंगळीच्या बुडावर टोकाने आदळते, आणि खिडकीतून पाहिले तर एकामागे एक दोन पितळे दिसतात.

याची सर्वांत कडू आठवण इतिहासात अमेरिकन सैन्याच्या नावावर आहे. व्हिएतनाममध्ये एम-16 ही नवी रायफल देताना सुरुवातीला तिच्या चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, काडतुसातली दारू रायफलीच्या मूळ चाचण्यांनंतर बदललेली होती, आणि ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही अशा समजुतीने कित्येक तुकड्यांना सफाईचे साहित्यही पुरेसे मिळाले नव्हते. दमट हवेत चेंबर गंजले, पुंगळ्या आत रुतू लागल्या, आणि सैनिकांना चकमकीत नळीच्या तोंडातून सळई घालून त्या बाहेर ठोकाव्या लागल्या. 1967 साली अमेरिकी संसदेच्या उपसमितीने याची चौकशी केली. क्रोमचा मुलामा, सफाईचे साहित्य आणि प्रशिक्षण आल्यावर तीच रायफल भरवशाची ठरली. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात चौकीवर रायफल सांभाळणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. ओल ही सगळीकडे सारखीच असते.

अशा दुहेरी अडकणुकीत हँडल नुसते मागेपुढे करत राहिल्याने पुढचे काडतूस अधिकच घट्ट रुतते. ब्रीचब्लॉक मागे अडकवा, मॅगझिन काढून घ्या, सुटे काडतूस खाली पडू द्या किंवा बोटाने काढा, मग चेंबरमध्ये काय उरले ते नीट पाहा. ब्रीचब्लॉक एकदा पुढे जाऊ देऊन पुन्हा जोराने मागे खेचला तर नखीला पुंगळी धरण्याची आणखी एक संधी मिळते. तरीही निघत नसेल आणि ती रिकामी पुंगळीच आहे याची खात्री असेल, तरच पुढून सळई घालून ती मागे ढकलता येते. चेंबरमध्ये जिवंत काडतूस अडकले असल्याची थोडी जरी शंका असेल तर नळीच्या तोंडासमोर हात आणायचाच नाही. ते काम आर्मररचे. दस्ता जमिनीवर आपटून हँडल खेचण्याचा जुना उपायही मी पाहिला आहे, आणि तो करताना नळीवर वाकलेले चेहरेही पाहिले आहेत, म्हणून तो शिकवायला माझा विरोध आहे.

ब्रीचब्लॉक पूर्ण पुढे न जाता केसभर मागे राहण्याची रोकही असते. काही रायफलींत हँडल पुढे ढकलून तो जागी बसवता येतो, पण एसएलआरचे हँडल ब्रीचब्लॉकबरोबर पुढे-मागे होत नाही, त्यामुळे तो उपाय इथे लागू नाही, आणि मला यात एक सोय वाटते. जे काडतूस स्प्रिंगच्या जोराने बसले नाही ते दाबून बसवण्याऐवजी बाहेर काढून पाहावे. बहुतेक वेळा ते वाकडे, चेपलेले किंवा मातीने माखलेले निघते. आणि एकदा चाप ओढल्यावर दोन गोळ्या सुटल्या, तर तिथे कुठलाही फौरी इलाज नाही: सेफ्टी लावा, मॅगझिन काढा, रायफल रिकामी करा, आणि ती पुन्हा फायरला नेऊ नका.

वारंवार येणाऱ्या रोकांचे मूळ बहुतेक वेळा रायफलीपेक्षा स्वस्त वस्तूत सापडते. 20 गोळ्यांच्या पत्र्याच्या मॅगझिनचे ओठ जरासे पसरले किंवा चेपले, की काडतूस चुकीच्या कोनात वर येते, आणि त्या मॅगझिनचा दोष मग रायफलीच्या नावावर चढतो. म्हणून प्रत्येक मॅगझिनवर रंगाने आकडा टाकावा. तीच रोक त्याच आकड्याबरोबर दुसऱ्या रायफलीतही आली, की दोषी कोण हे सांगायला आर्मररचीही गरज नाही.

सफाईत नळीकडे सगळ्यांचे लक्ष जाते, कारण ती डोळा लावून पाहता येते आणि तपासणीत चमकते. पुल-थ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) 4 इंच बाय 2 इंचाची चिंदी लावून नळी ओढली, मग तेलासाठी 4 बाय दीडची, की काम झाले असे वाटते. पण चेंबर नळीपेक्षा रुंद असते आणि नळीच्या मापाची चिंदी त्याच्या भिंतींना नीट टेकतच नाही. ते वेगळे, ब्रशने, भिंतीला दाब देऊन पुसावे लागते, आणि फायरपूर्वी कोरडे करावे लागते. काडतुसांना तेल चोळल्याने ती सहज सरकतात हा समजही सोडून द्यावा. तेल धूळ धरते, आणि तेलकट पुंगळी भिंतीला न चिकटता सगळा जोर मागे ब्रीचब्लॉकवर टाकते.

रायफल कोतात (शस्त्रागारात) परत करताना रोक आली होती एवढेच सांगून भागत नाही. त्या दिवशी उथळ खळीचे काडतूस निघाले असेल तर ते रेंजवरच्या अधिकाऱ्याकडे, रायफल क्रमांक, मॅगझिनचा आकडा आणि कितव्या गोळीला थांबली ही नोंद लावून द्यावे. कड तुटलेली पुंगळी सापडली तर तीही. आर्मरर ती पुंगळी बोटांत फिरवून पाहतो, चेंबरमध्ये दिवा धरतो, आणि पितळावरचा ओरखडा भिंतीवरच्या कोणत्या खड्ड्याशी जुळतो ते शोधू लागतो.